बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर घरी : पहिले शंभर दिवस आणि पुढचं वर्ष

मला घरी सोडलं त्या दिवशी काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) वर आले होते, ताप नव्हता, तोंडातले फोड भरत आले होते. सिस्टरनी औषधांची भरलेली पिशवी हातात दिली. गाडीत बसताना वाटलं, सुटलो एकदाचे. त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवलं की वॉर्डात दर चार तासांनी कोणीतरी येऊन ताप, बीपी, नाडी बघून जायचं. आता ते कोणी बघणार नव्हतं. ते काम माझं आणि घरच्यांचं झालं होतं, आणि ते कसं करायचं हे आम्हाला कोणी नीट बसवून सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मला एएमएल झाला होता, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. धाकट्या भावाच्या स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) मला दिल्या, म्हणजे माझा ट्रान्सप्लांट अ‍ॅलोजेनिक. मायलोमा किंवा लिम्फोमा (हेही रक्ताशी संबंधित कॅन्सर) असलेल्या पुष्कळांचा ऑटोलोगस होतो. त्यांच्याच पेशी आधी काढून गोठवतात आणि जोरदार केमोनंतर परत देतात. ऑटोवाल्यांना इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या नसतात आणि ते लवकर सावरतात. त्यांनी खालचा जीव्हीएचडीचा (डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात तो त्रास) भाग सोडून दिला तरी चालेल. बाकीचं बहुतेक सगळं दोघांनाही लागू आहे. तुमच्या सेंटरने वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांना तुमची फाइल माहीत आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना जाचक वाटणार नाहीत. न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात आणि मग घरी जायची भाषा सुरू होते. पण न्यूट्रोफिल म्हणजे सगळी इम्युनिटी नव्हे. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात, अ‍ॅलोमध्ये वर्ष किंवा त्याहूनही जास्त. रिपोर्टवरचा आकडा बघून नातेवाईक म्हणतात, "आता सगळं नॉर्मल आहे ना!" नसतं.

१. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच कागद मागून घ्या

डिस्चार्जच्या दिवशी फार गडबड असते, कोणाला काही विचारायचं सुचत नाही. आदल्या दिवशी हे मागा:

- डिस्चार्ज समरी. त्यात ट्रान्सप्लांटची तारीख (हाच 'दिवस शून्य'), डोनर कोण, कोणती केमो किंवा रेडिएशन दिलं, हे लिहिलेलं हवं.
- औषधांची यादी : नाव, डोस, वेळ, कशासाठी आणि साधारण कधीपर्यंत. 'कशासाठी' हा रकाना बहुधा रिकामा असतो. तो भरून घ्याच.
- तुमचा जुना रक्तगट आणि डोनरचा रक्तगट.
- 'फक्त इरॅडिएटेड रक्त द्यावं' असं लिहिलेलं कार्ड किंवा पत्र.
- रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन नंबर, आणि तातडीच्या वेळी नेमकं कुठे यायचं ते.
- पुढच्या तपासण्यांच्या तारखा.

इरॅडिएटेड रक्ताबद्दल दोन शब्द. बाहेरून दिलेल्या रक्तात त्या रक्तदात्याच्या जिवंत लिम्फोसाइट असतात. आपली इम्युनिटी इतकी कमी असते की आपण त्यांना मारू शकत नाही, आणि त्या आपल्यावरच उलटू शकतात. रक्तावर किरणं सोडली की त्या पेशींची वाढ थांबते. आडवेळी दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं नाही. म्हणून कार्ड हवं. सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा.

घरात हे सामान आणून ठेवा : दोन डिजिटल थर्मामीटर (एक ऐनवेळी बंद पडतो), बीपी मशीन, वजनकाटा, सकाळ-संध्याकाळचे खण असलेला गोळ्यांचा डबा, अगदी मऊ टूथब्रश, मास्क, हँड सॅनिटायझर, आंघोळीच्या वेळी लाइन (औषध द्यायला, रक्त काढायला मोठ्या शिरेत घातलेली नळी) झाकायचं वॉटरप्रूफ कव्हर, पाणी मोजायला खुणा असलेली बाटली आणि एक जाड वही.

२. घर आधी आवरा, पेशंट नंतर आणा

साफसफाई, झटकणं, गालिचे धुणं हे सगळं पेशंट घरी यायच्या आधी उरका. नंतर रोज साफ करताना ओलं फडकं वापरा आणि त्या वेळी पेशंटला दुसऱ्या खोलीत बसवा. रंगकाम, फरशी फोडणं, भिंत पाडणं हे निदान वर्षभर तरी नको. धुळीत आणि ओल धरलेल्या भिंतीत अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू असतात; धडधाकट माणसाला त्यांचं काही वाटत नाही, आपल्याला मात्र त्यांच्यापासून जिवावर बेतणारा न्यूमोनिया होऊ शकतो. कुंड्या आणि फुलदाण्या खोलीबाहेर ठेवा. बागेतल्या मातीत हात घालायचा नाही.

प्राणी असेल तर त्याला घराबाहेर काढायची गरज नसते. पण मांजराची शी, पिंजरा, माशांची टाकी साफ करणं दुसऱ्या कोणीतरी करावं, आणि प्राण्याला तोंड चाटू देऊ नये. पाल, कासव यांसारखे सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यापासून मात्र लांबच राहा.

३. वही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रोज सकाळी एकाच वेळी ताप, वजन, बीपी लिहा. दिवसभरात पाणी किती प्यायलं, किती वेळा शौचाला झालं, उलटी झाली का, खाल्लं किती, अंगावर काही नवीन दिसतंय का, तेही लिहा. वर 'दिवस ३४', 'दिवस ३५' असा आकडा टाका, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच येतो.

माझ्या वहीत तीन दिवस ओळीने शौचाच्या रकान्यात २, ४, ७ असे आकडे होते. मी मनाशी म्हणत होते, काहीतरी खाण्यातलं बाधलं असेल. तिसऱ्या दिवशी तपासणीला गेले, डॉक्टरांनी वही हातात घेतली, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे परवाच का नाही कळवलंत?" त्याच दिवशी अ‍ॅडमिट केलं. एंडोस्कोपी करून तुकडा काढला, आतड्याचा जीव्हीएचडी निघाला. स्टेरॉइड वेळेत सुरू झालं आणि आटोक्यात आलं. मी तोंडी सांगितलं असतं तर "जरा पोट बिघडलंय" एवढंच सांगितलं असतं.

४. ताप आला तर

तुमच्या टीमने दिलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. बहुतेक ठिकाणी तो ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट असतो. तो आकडा दिसला की फोन करायचा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

पॅरासिटामॉल घेऊन बघू, हा सगळ्यात मोठा सापळा. ताप उतरतो, इन्फेक्शन तसंच वाढत राहतं. स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबून राहू शकतो, म्हणून नुसती थंडी वाजली, एकदम गळून गेल्यासारखं वाटलं तरी कळवा. थर्मामीटर तोंडात किंवा काखेत लावा, गुदद्वारात कधीही नाही.

माझी चूक सांगते. रात्री अकराला ३८.१ आला. मी पांघरूण काढलं, ग्लासभर गार पाणी प्यायले आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजला : ३७.६. हायसं वाटलं आणि झोपले. गार पाण्यानंतर तोंडातला आकडा खोटाच येणार, हे तेव्हा सुचलं नाही. निदान पंधरा-वीस मिनिटं थांबायला हवं होतं. खरं तर पहिलाच आकडा पुरेसा होता. पहाटे चारला दात वाजायला लागले, पलंग हलत होता. लाइनमधून रक्तात इन्फेक्शन गेलं होतं. लाइन काढावी लागली आणि पुढचे दहा दिवस वॉर्डात गेले. पाच तास मी कोणाची झोप मोडू नये म्हणून थांबले होते.

फोनवर काय सांगायचं ते आधी कागदावर लिहून ठेवा, म्हणजे घाबरलेल्या माणसालाही वाचता येईल : "बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा पेशंट, दिवस ४१, डोनर भाऊ, टॅक्रोलिमस चालू, सेंट्रल लाइन आहे, ताप ३८.१, थंडी वाजते आहे." इमर्जन्सीत पोचल्यावर गर्दीच्या बाकावर बसून राहू नका. दारातच सांगा. अशा पेशंटला तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचं असतं.

तापाशिवाय हेही त्याच दिवशी कळवा : धाप, सततचा कोरडा खोकला, नाकातून, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, लघवी करताना जळजळ, गोळ्या पोटात न टिकणं, नवीन पुरळ, डोळे पिवळे दिसणं, एकाच बाजूला आग होऊन पुटकुळ्यांचा पट्टा उठणं (नागीण). प्रचंड डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, झटका (फिट) येणं, थांबत नसलेलं रक्त, यासाठी फोनची वाट बघू नका, थेट निघा.

५. गोळ्या

सुरुवातीला माझ्या दिवसाला वीसच्या आसपास गोळ्या होत्या. ढोबळमानाने तीन गट असतात. पहिला गट इम्युनिटी दाबणारा (टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, कधी स्टेरॉइड). दुसरा इन्फेक्शन टाळणारा : नागिणीसाठी अ‍ॅसायक्लोव्हिर, एका विशिष्ट न्यूमोनियासाठी कोट्रायमॉक्साझोल, बुरशीसाठी एखादं अँटिफंगल. तिसरा पोट, मॅग्नेशियम, बीपी वगैरे सांभाळणारा. दुसऱ्या गटातल्या गोळ्या बरं वाटायला लागलं की निरर्थक वाटू लागतात. अ‍ॅसायक्लोव्हिर वर्षभर किंवा जास्त, कोट्रायमॉक्साझोल सहा महिने किंवा इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असेपर्यंत, असा हिशेब असतो. आपल्या मनाने बंद करू नका.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिनचे नियम वेगळे लिहिते, कारण इथे सगळेच चुकतात.

बारा तासांच्या अंतराने, रोज त्याच वेळी घ्यायची. रक्तातली लेव्हल बघायच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची नाही. ती खिशात घेऊन जायची, आधी रक्त द्यायचं, मग गोळी. लेव्हल म्हणजे पुढच्या डोसच्या आधी रक्तात उरलेलं औषध. मी एकदा सवयीने सकाळी सातला गोळी घेऊन नऊला रक्त दिलं. आकडा भलताच जास्त आला, तो निरुपयोगी ठरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा पडला. त्यानंतर तपासणीच्या आदल्या रात्री नवरा त्या खणावर चिकटपट्टी लावायला लागला.

ग्रेपफ्रूट (द्राक्ष नव्हे, संत्र्याच्या जातीचं मोठं फळ) आणि त्याचा रस पूर्ण बंद. त्याने लेव्हल वाढते. अँटिफंगल गोळ्यांनीही वाढते आणि त्या बंद केल्या की घसरते. घसा धरला म्हणून जवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर लेव्हल धोकादायक वर जाऊ शकते. त्यामुळे कोणतंही नवं औषध, अगदी साधं सर्दीचंही, ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय नको. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणि प्लेटलेटला दोन्हीकडून मारक. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची टॅक्रोलिमस दिली तर घ्यायच्या आधी विचारा. गोळी उलटून पडली तर दुप्पट घेऊ नका, फोन करा. हात थरथरणं, मॅग्नेशियम कमी होणं, बीपी वाढणं ही या औषधाची नेहमीची लक्षणं आहेत. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्या (डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर). मूत्रपिंड त्यावरच तग धरतात.

आणि एक. भेटायला येणारा प्रत्येक जण 'इम्युनिटी वाढवणारं' काहीतरी सुचवतो : पावडर, कॅप्सूल, कुठल्या मुळीचा अर्क. अ‍ॅलोमध्ये नव्या पेशींनी आपल्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून डॉक्टर मुद्दाम इम्युनिटी दाबत असतात. शिवाय वनस्पतीजन्य गोष्टींत काय मिसळलंय आणि ते यकृताला काय करेल, हे कोणालाच सांगता येत नाही. प्रेमाने दिलेलं असलं तरी बाजूला ठेवा.

स्टेरॉइड एकदम थांबवायचं नाही, हे माहीत असेलच. त्याने साखर वाढते, झोप उडते, मांड्यांतला जोर जातो. खुर्चीवरून हात न टेकता उठता येईना, तेव्हा मला वाटलं कॅन्सर परतला. ते स्टेरॉइड होतं.

६. लाइन असेल तर

हिकमन (छातीतून घातलेली) असो की पिक (दंडातून घातलेली), ती थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली असते. ड्रेसिंग ठरलेल्या दिवशी बदलायचं, आणि ओलं झालं किंवा सुटलं तर त्याच दिवशी. हात लावायच्या आधी साबणाने नीट हात धुवायचे, टोक सांगितल्याप्रमाणे पुसायचं, जवळ कात्री आणायची नाही. पोहणं, टबात बसणं बंद. फ्लश केल्यावर (लाइन धुवायला तिच्यातून सलाइन सोडल्यावर) तासाभरात थंडी वाजून आली तर ते लाइनमधलं इन्फेक्शन समजा आणि निघा.

७. खाणं

पूर्वी सगळं उकळून, कच्चं काहीच नाही, असा कडक आहार देत. त्या कडकपणाने इन्फेक्शन कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून बरीच सेंटर आता स्वच्छ धुतलेली ताजी फळं-भाज्या चालू देतात. काही अजून देत नाहीत. आपल्या सेंटरचा नियम विचारून घ्या. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, मासे, अंडी, न तापवलेलं दूध, कच्चं मोड आलेलं धान्य आणि उघड्यावरचं खाणं मात्र सगळीकडेच वर्ज्य. शिजवलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये, आणि परत खाताना वाफा येईपर्यंत गरम.

खरी अडचण वेगळीच असते : चवच लागत नाही. मला महिनाभर पाणीसुद्धा धातूसारखं लागायचं. ताट भरून समोर आलं की रडू यायचं. शेवटी दर दोन तासांनी वाटीभर, गार किंवा कोमट, असं चालू केलं आणि वजन घसरायचं थांबलं. घरच्यांना विनंती : "थोडं खा ना" हे दिवसातून दहा वेळा म्हणू नका. वाटी जवळ ठेवा आणि तिथून जा.

८. जीव्हीएचडी

डोनरच्या पेशींना आपलं शरीर परकं वाटतं, त्यातून हा त्रास होतो. सुरुवातीच्या महिन्यांत तीन जागा बघा. त्वचा : तळहात, तळपाय, कान, मान यांवर लाली, खाज. आतडं : जुलाब, पोटात कळा, मळमळ. यकृत : कावीळ, जे बहुधा रक्तातच आधी दिसतं. पुढे काही महिन्यांनी जुनाट प्रकार येऊ शकतो : डोळे वाळू गेल्यासारखे खुपतात, तोंड कोरडं पडतं, गालाच्या आत पांढऱ्या जाळीदार रेषा उमटतात, त्वचा ताठरते, जिना चढताना पूर्वी लागत नव्हती तेवढी धाप लागते. योनीमार्गातही कोरडेपणा आणि वेदना होतात. बायका हे वर्षानुवर्षं सांगत नाहीत, आणि उपचार असूनही सोसत राहतात. सांगा.

ऊन लागल्याचं निमित्त होऊन जीव्हीएचडी उफाळू शकतो. पूर्ण बाह्या, टोपी, ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन. अँटिफंगल म्हणून व्होरिकोनॅझोल चालू असेल तर आणखी जपा, त्याने त्वचा उन्हाला जास्तच भाजते.

थोडा जीव्हीएचडी दिसला म्हणून खचू नका. ज्या पेशी आपल्या त्वचेवर चिडतात, त्याच उरलेल्या कॅन्सरच्या पेशींनाही शोधून मारत असतात.

९. माणसं आणि बाहेर पडणं

भेटायला येणाऱ्यांचं मला बाई म्हणून फार अवघड गेलं. दारातून परत कसं पाठवायचं? शेवटी नवऱ्याने दारावर कागद लावला : सर्दी-खोकला असेल तर आज नको, फोनवर बोलू. ज्यांना राग यायचा त्यांना आला. गर्दीची वेळ टाळून, मास्क लावून मोकळ्या हवेत फिरायला हरकत नसते. बांधकामाच्या जवळून मात्र जाऊ नका.

घरातल्यांनी फ्लूचं इंजेक्शन घ्यावं. तोंडातून द्यायची पोलिओची लस घरात कोणाला द्यायची असेल तर आधी टीमला विचारा. रोटाव्हायरसची लस दिलेल्या बाळाचे लंगोट पेशंटने बदलू नयेत.

१०. थकवा

हा थकवा झोपून जात नाही. पहिल्या आठवड्यात आंघोळ करून बाहेर आले की अर्धा तास आडवं व्हावं लागायचं. खोलीतून दारापर्यंत, मग दारापासून जिन्यापर्यंत, असं मी वाढवत नेलं. जिन्याच्या तीन पायऱ्या चढून चौथीवर बसायचे. रोज थोडं चालणं हाच त्यावरचा खरा उपाय, पण प्लेटलेट फार कमी असतील किंवा चक्कर येत असेल तर त्या दिवशी नको. ऑटोनंतर साधारण तीन ते सहा महिने, अ‍ॅलोनंतर वर्षभर तरी धरून चाला. ऑफिसला परतायची तारीख लवकर कबूल करू नका. शब्द न आठवणं, वाचलेलं विसरणं हेही होतं आणि हळूहळू कमी होतं.

११. सांभाळणारा माणूस आणि मन

पहिले काही आठवडे चोवीस तास कोणीतरी सोबत लागतं. ते एकाच माणसावर टाकू नका. आमच्याकडे भाऊ रविवारी यायचा आणि नवरा दार बंद करून सहा तास झोपायचा. माझ्या आजारपणात त्याचं वजनही सात किलो उतरलं होतं, ते कोणाच्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. ते सगळ्यांचं होतं. दोन आठवडे सलग रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना तेही तापाइतकंच स्पष्ट सांगा. शरीरसंबंधांबद्दल विचारायला संकोच वाटतो; प्लेटलेट पुरेशा झाल्यावर आणि टीमने सांगितल्यावर, कंडोम वापरून, हा साधारण नियम. पाळी थांबणं, मूल होण्याबद्दलचे प्रश्न यांसाठी स्वतंत्र वेळ मागून घ्या.

१२. शंभर दिवसांनंतर

दिवस १०० च्या आसपास बोन मॅरो तपासतात आणि कायमेरिझम बघतात, म्हणजे किती टक्के पेशी डोनरच्या आहेत ते. सगळं ठीक असलं तर इम्युनिटी दाबणारी गोळी हळूहळू कमी होते. ती कमी होत असताना वही पुन्हा काटेकोर ठेवा. जीव्हीएचडी बहुधा तेव्हाच डोकं वर काढतो.

लहानपणी घेतलेल्या लसींचं संरक्षण बहुतांशी पुसलं गेलेलं असतं. तीन ते सहा महिन्यांपासून लसी पुन्हा सुरू होतात : न्यूमोकोकल, फ्लू, धनुर्वात, घटसर्प वगैरे. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत नाहीत, आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल आणि औषधं बंद झाली असतील तरच. मग दरवर्षी थायरॉइड, हाडांची घनता, डोळे, दात, त्वचा तपासत राहायचं. दाताच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा आधी सांगा की ट्रान्सप्लांट झालाय.

आणि ते कार्ड पाकिटातून काढू नका. माझा रक्तगट ए होता. भावाच्या पेशी रुजल्यावर तो ओ झाला. पण हे एका दिवसात होत नाही, मधले काही महिने तपासणीत दोन्ही गट दिसू शकतात. त्यामुळे माझ्या कार्डावर दोन्ही गट, ट्रान्सप्लांटची तारीख, इरॅडिएटेड रक्ताची सूचना आणि टीमचा फोन नंबर आहे. तुमच्या कार्डावर यातलं काही राहिलं असेल तर पुढच्या तपासणीला लिहून घ्या.